क्लासिक ३५० लांबच्या प्रवासासाठी तयार करताना: काय हाताने घडवावं, काय विकत घ्यावं

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० रस्त्यावर देखणी दिसते, घाटात दमाने चढते, पण दोघांचं चार दिवसांचं सामान बांधायचं म्हटलं की तिच्यावर धड जागा सापडत नाही. मग माणूस ऑनलाइन सुटे भाग बघत बसतो आणि महिन्याभरात गाडीवर अशा वस्तू चढतात की त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या आड येतात. हा लेख त्याआधी वाचायचा आहे. पुण्याहून कोल्हापूर, आंबोलीमार्गे गोवा किंवा पावसाळ्यात कोकण उतरणं, एवढ्या कामाला गाडी तयार करायची असं धरून चाललोय. चामड्याच्या झालरी आणि कवटीचे आरसे हा वेगळा विषय.

मापं आणि जागा २००९ ते २०२० या काळातल्या यूसीई इंजिनच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात) क्लासिकच्या आहेत. २०२१ पासूनची क्लासिक वेगळ्या चासीवर आहे. पद्धत तिला चालेल, ब्रॅकेट बसणार नाहीत.

सुरुवातीलाच एक वाटणी करून घ्या. ज्या भागाचं माप तुमच्या अंगावर किंवा सामानावर ठरतं, तो हाताने घडवावा: बॅगांची चौकट, सीट, इंजिनाखालची प्लेट, बारीकसारीक ब्रॅकेट. ज्या भागाची चाचणी घ्यायला प्रयोगशाळा लागते, तो चांगल्या कंपनीचा विकत घ्यावा: ब्रेक, टायर, दिवे, आरसे, हँडलबार. आणि चासीला कटर किंवा वेल्डिंग लावायचं नाही, म्हणजे नाही. या गाडीच्या चासीला खालचा पाळणाच नाही. पुढून एकच पाईप उतरतो आणि इंजिनाला येऊन मिळतो, पुढचा भार इंजिन स्वतः घेतं. तिथे कुणी हौसेने एखादा कान, म्हणजे बोल्टासाठी पुढे आलेली पट्टी, कापला तर काय बिघडलं हे खड्ड्यात गेल्यावरच कळतं. जे बसवाल ते नट-बोल्टने बसवा, म्हणजे अर्ध्या दिवसात काढून गाडी पूर्ववत करता येते. विकताना आणि आरटीओसमोर दोन्हीकडे याचा फायदा.

कायदा, थोडक्यात

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेला जो तपशील आरसीवर नोंदलेला आहे त्याच्याशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. मूळ रचनेला धक्का न लावणाऱ्या किरकोळ जोडण्यांना मज्जाव नाही. रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा.

आपल्या कामाशी थेट संबंध असलेले नियम तीन. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकडायला दांडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. हेच आपलं साडी गार्ड. डावीकडची बॅग बसवताना बरेच जण ते काढून भंगारात देतात. देऊ नका. मागे कोण बसतंय, ओढणी आहे की रेनकोटचा पट्टा लोंबतोय, चाकाला त्याचं काही नसतं. नियम १११ प्रमाणे पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय लावता येत नाही, म्हणून आपण फक्त खाली पडणाऱ्या रुंद उजेडाचे फॉग लॅम्प घेणार. आणि नियम १२० सायलेन्सरचा. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरबद्दल इथे एक ओळही लिहिणार नाही. पोलिसांनी त्यांच्यावर रोड रोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

विमा कंपनीला जोडलेल्या वस्तूंची यादी बिलांसह लेखी कळवा. थोडा जादा हप्ता बसतो, पण दाव्याच्या वेळी वाद राहत नाही.

पाना हातात घेण्याआधी

गाडी मेन स्टँडवर लावून चारी बाजूंनी फोटो काढा. वायरिंगचे आणि केबल कुठून कुठे गेल्यात त्याचे जवळून काढा. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट आणि वायसर वेगळ्या पिशवीत टाकून वर चिठ्ठी लावा. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कुणी नाही, आणि शेवटी टेबलावर तीन वायसर उरतात.

सामानाचं बोलायचं तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत नट-बोल्ट आणि हत्यारांसाठी नागदेवी, सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. कोल्हापूरकरांनी बाहेर जायची गरजच नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवाला, वेल्डर आणि प्रेसवाला हाकेच्या अंतरावर मिळतात. बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ कोरलेलं बघून घ्या, हा बोल्टच्या ताकदीचा दर्जा. चमकतात म्हणून सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट घालण्याची फॅशन आहे, पण नेहमीचे ए२-७० दर्जाचे स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा ताकदीला थोडे कमीच असतात. भार घेणाऱ्या जागी ८.८, दिसण्याच्या जागी स्टेनलेस. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट जाणार असेल तर आट्यांना ग्रीस लावा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना असे धरतात की पुढच्या वर्षी बोल्टाऐवजी डोकंच हातात येतं.

बॅगांची चौकट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाजारात तयार चौकटी मिळतात, वाईट नसतात, पण त्या अमुक कंपनीच्या बॅगेसाठी असतात आणि तुमच्याकडे असते भलतीच.

आधी बॅग आणा, मग चौकट ठरवा. भरलेली बॅग गाडीला दोरीने बांधा आणि घरातल्या कुणाला तरी मागे बसवा. टाच बॅगेला लागते का? लागत असेल तर बॅग मागे सरकवा, पण मागच्या चाकाच्या आसापासून फार मागे नको. भार जितका मागे आणि वर, तितकं पुढचं चाक हलकं होतं आणि घाटात हँडल डुलायला लागतं. उजवीकडे सायलेन्सर आहे. बॅग आणि त्याच्यामध्ये निदान ६ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि मध्ये पातळ ॲल्युमिनियम पत्र्याचा आडोसा द्या, तोही सायलेन्सरला चिकटवून नाही. दोन्ही बॅगांची मिळून रुंदी हँडलच्या रुंदीपेक्षा कमीच राहू द्या. पुढून हँडल निघालं की मागूनही गाडी निघणार, हा हिशेब ट्रॅफिकमध्ये डोक्यात पक्का बसलेला असतो.

सीटमागे पेटी लावायची असेल तर २०२० पासून नियमात माप दिलेलं आहे: लांबी ५५०, रुंदी ५१०, उंची ५०० मिलिमीटरपर्यंत. पेटी मागच्या माणसाच्या जागेवर बसवली, तर गाडीवर फक्त चालकच.

जागा ठरली की जाड तार घेऊन तिची पूर्ण चौकट वाकवा आणि बाइंडिंग वायरने गाडीला बांधा. ब्रॅकेटच्या पट्ट्या पुठ्ठ्यातून कापा. पुठ्ठा चुकला तर दुसरा खोका फाडता येतो.

पाईप १६ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमी जाडीचा साधा एमएस (माइल्ड स्टील) घ्या. याचं वजन मीटरला साधारण ५७० ग्रॅम भरतं. दोन्ही बाजू धरून ५ मीटर लागला तरी पट्ट्यांसकट काम ४ किलोच्या आसपास आटपतं. घरी उरलेला पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप वापरायचा मोह होईल. टाळा. वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताची वाफ होते आणि ती छातीत गेली की रात्री थंडीताप भरतो. ब्रॅकेटसाठी ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड पट्टी पुरे.

चौकट तीन ठिकाणी धरायची. पहिली जागा शॉकअपचा वरचा बोल्ट, दुसरी मागच्या फुटरेस्टचा बोल्ट. बहुतेक घरगुती चौकटी इथेच थांबतात आणि मग बॅग दरवाजासारखी आतबाहेर झुलते. म्हणून तिसरी जागा: नंबर प्लेटच्या मागून जाणारा आडवा पाईप, जो डावी आणि उजवी चौकट एकमेकींना बांधतो. हा एक पाईप घातला की तीच चौकट हाताने हलवून हलत नाही. मडगार्डच्या पत्र्याला मात्र काहीही लटकवू नका. तो आधी कंप घेतो, मग भोकापासून चिरतो.

शॉकअपचा बोल्ट काढताना गाडी मेन स्टँडवर, आणि एका वेळी एकच बाजू. तुमची पट्टी वायसरच्या बाहेर, नटाखाली बसली पाहिजे. ती शॉकअपच्या बुशला दाबून बसली तर बुश फिरायचं थांबतं आणि महिन्याभरात फाटतं. नट आवळल्यावर निदान दोन आटे बाहेर दिसायला हवेत. दिसत नसतील तर पट्टी जाड झाली आहे, ती पातळ करा. नट अर्ध्या आट्यांवर धरून चालणार नाही.

पाईप वाकवायला बेंडरवाल्याकडे जा. वाकाची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या तिप्पट तरी ठेवायला सांगा, म्हणजे १६ मिमीला जवळपास ५० मिमी. त्याहून घट्ट वाकवला तर आतल्या बाजूला सुरकुती येते आणि पाईप तिथूनच तुटतो.

आता वेल्डिंग. तुकडे जागेवर धरून गाडीवरच बारीक टाके मारावे लागतात, तेव्हा बॅटरीची ऋण वायर आधी काढा. इंजेक्शनवाली गाडी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजेक्शन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाचा, प्लगही काढा. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. अर्थिंगचा चिमटा ज्या तुकड्यावर टाका मारायचा आहे त्याच तुकड्याला लावायचा. वेल्डर सवयीने तो फुटरेस्टला किंवा इंजिनाला लावतो. मग करंट बेअरिंगमधून वाट काढत जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात. त्याच्या हातून चिमटा घेऊन स्वतः लावा, त्याला राग आला तरी चालेल.

टाके झाले की चौकट उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड करा. सीओटू वेल्डिंग (गॅसच्या आवरणात तारेने होणारं) मिळालं तर उत्तम. साधी वेल्डिंग असेल तर ६०१३ नंबरची २.५ मिमी कांडी, ७० अँपिअरच्या आसपास. एकाच बाजूने सलग ओढत नेलं तर चौकट वाकडी होते. थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं. दर सांध्यानंतर गाडीला लावून बघा.

एक बारकावा वेल्डर सहसा सांगत नाही. दोन्ही टोकं बंद झालेल्या पाईपला खालच्या बाजूने ३ मिमीचं एक भोक ठेवा. पुढे पावडर कोटिंगच्या (पावडरचा रंग भाजून चढवण्याच्या) भट्टीत आतली हवा तापून फुगते आणि वेल्डच्या बारीक छिद्रांतून कोटिंग फोडत बाहेर येते. भोक असलं की ती सरळ निघते, पुढे पावसात आत शिरलेलं पाणीही तिथूनच गळतं.

नंबर प्लेट हाय सिक्युरिटीची असेल तर तिचे लॉक एकदाच बसतात, काढले की तुटतात. म्हणून चौकट प्लेटभोवती आखायची, प्लेट सरकवून नाही. मागचे इंडिकेटर बॅगेमागे लपत असतील तर छोट्या पट्टीवर घेऊन मागे न्या.

इंजिनाखालची प्लेट आणि हँडल

प्लेटसाठी ४ मिमी ॲल्युमिनियम, ५०५२ ग्रेडचं. दुकानदार ६०६१ चांगलं म्हणून गळ्यात मारेल. ते मजबूत असतं खरं, पण टी-६ अवस्थेत, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असताना, काटकोनात वाकवलं की वाकावर तडकतं. प्लेट आधी पुठ्ठ्यात बनवा, ऑइल ड्रेनच्या बोल्टासमोर पाना जाईल एवढं भोक ठेवा आणि पुढच्या बाजूला हवेसाठी खाचा पाडा. इंजिन हवेवर थंड होतं, त्याला खोक्यात कोंडू नका. बसवताना इंजिन माउंटिंगचेच बोल्ट थोडे लांब आणून वापरायचे आणि मध्ये रबर द्यायचं, नाहीतर प्लेट ढोलासारखी वाजते.

हँडलबार २२ मिमीचा, नामांकित कंपनीचा घ्या. उंची वाढवायला खाली ठोकळे हवे असतील तर लेथवर ॲल्युमिनियमचे करून मिळतात. २५ ते ३० मिमीपर्यंत ठीक, त्याहून जास्त नको. बोल्ट त्याच मापाने लांब घ्या. ८ मिमीचा बोल्ट लोखंडात निदान १२ आणि ॲल्युमिनियममध्ये १६ मिमी आत गेला पाहिजे. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. ब्रेकचा होज आणि क्लचची केबलही तेव्हाच बघा. केबल तोकडी पडत असेल तर लांब केबल आणा, ओढूनताणून बसवू नका.

फॉग लॅम्पची वायरिंग

गाडीला आग लागण्याच्या गोष्टी ऐकतो त्यांच्या मुळाशी बहुधा हेडलाइटच्या वायरला पिळून जोडलेली एखादी वायर असते. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर. एवढ्यासाठी १.५ चौरस मिमीची वायर, ७.५ अँपिअरचा फ्यूज आणि चार पायांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पुरतो.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. बॅटरीच्या धन टोकापासून वायर निघते आणि १५ सेंटिमीटरच्या आतच तिला फ्यूज लागतो. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहिली, ती कुठे घासली की संपलं. फ्यूजमधून वायर ३० नंबरला. ८७ मधून दिव्यांकडे. दिव्यांची दुसरी वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला, रंगवलेल्या चासीतून अर्थ मिळेल यावर विश्वास टाकू नका. ८५ अर्थला. ८६ ला हँडलवरच्या बटणातून अशी वायर द्या, जिच्यात चावी चालू केल्यावरच १२ व्होल्ट येतात. ती मल्टिमीटर लावून शोधा, रंगावरून अंदाज नको, कारण जुन्या गाडीत आधीच्या मालकाच्या इलेक्ट्रिशियनने कुठे काय जोडलंय देव जाणे. चावी काढली की दिवे आपोआप बंद झाले पाहिजेत.

सांधे क्रिंप करून (पक्कडीने दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवा. काळी इन्सुलेशन टेप उन्हात वितळून चिकट होते आणि पावसात सुटते. हँडलच्या मानेपाशी वायरला सैल वळण द्या.

काम झालं की मोजमाप: इंजिन बंद असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सगळे दिवे लावून इंजिन मध्यम वेगात ठेवलं की आकडा १३.५ च्या वर राहायला हवा. राहत नसेल तर बॅटरी हळूहळू उतरते आहे, दिवे कमी वॅटचे घ्या. दिवे हेडलाइटच्या खाली आणि जमिनीकडे झुकवून लावा. आंबोलीच्या धुक्यात वर मारलेला उजेड पांढऱ्या भिंतीसारखा अंगावर परत येतो. हेडलाइटच्या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी बल्ब कोंबणं हे समोरच्याला आंधळं करणं आहे, त्यापेक्षा मूळचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन चांगला.

सीट

सीट मऊ असली की आरामदायी, हा गैरसमज दुकानात पाच मिनिटं बसून होतो. मऊ फोम तासाभरात दबतो आणि मग माणूस खालच्या पत्र्यावर बसलेला असतो. सीटवाल्याला कव्हर काढायला लावा, मूळ फोमवर दाट फोमचा थर चिकटवा आणि वर फक्त २० ते २५ मिमी मऊ थर द्या. कव्हर शिवण्याआधी प्लॅस्टिक गुंडाळून पाऊण तास बसून बघा, शक्यतो चालत्या गाडीवर. बोचेल तिथे खूण करा आणि पॉलिश पेपर गुंडाळलेल्या ठोकळ्याने घासा. उंची किती वाढली तेही बघा. उतारावर थांबताना दोन्ही पाय टेकले पाहिजेत.

कव्हरची शिलाई बसायच्या जागेवर नको. तिथून पाणी फोममध्ये शिरतं आणि तुम्ही दोन दिवस ओल्या सीटवर बसता. फोमवर पातळ प्लॅस्टिकचा थर घालून मग रेक्झिन चढवायला सांगा.

आधी चालवा, मग रंगवा

चौकट तयार झाली की लगेच पावडर कोटिंगला पळू नका. प्राइमरचा एक हात मारून लावा, बॅगांमध्ये प्रत्येकी ८ ते १० किलो भरा, मागे माणूस बसवा आणि एखाद्या खराब रस्त्याच्या घाटात जाऊन या. मेन स्टँडवर शॉकअप पूर्ण ताणलेला असतो, म्हणून तिथे मोकळं दिसणारं अंतर भार पडल्यावर उरेलच असं नाही. परत आल्यावर टायर, चेन आणि साडी गार्डजवळ घासल्याच्या चकाकणाऱ्या रेघा शोधा. प्रत्येक वेल्डला बोट फिरवा. प्राइमरला केसासारखी तड दिसली तर खाली वेल्ड सुटतोय. सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ८ मिमीच्या ८.८ बोल्टाला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास. कंपनीच्या मूळ बोल्टांना मॅन्युअलमधला आकडाच द्यायचा.

दुरुस्त्या संपल्या की कोटिंग. भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, त्यामुळे रबर, नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट, प्लॅस्टिकच्या टोप्या सगळं काढून द्या. आटे आणि बोल्टची भोकं उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायला सांगा. वायसर जिथे टेकतो तिथेही कोटिंग नको. कोटिंगचा जाड थर बोल्टाखाली दबत जातो आणि बोल्ट सैल पडतो. त्या उघड्या कड्यांना बसवण्याआधी झिंक प्राइमर लावा, नायलॉक नट नवे घाला आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवा.